बोर्ड साडेदहाचा, बालवाडी साडेबाराची

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे पहिले पुकारे झाले. आदल्याच दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते बेंचचं उद्घाटन झालं होतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची वारी थांबली. त्यासाठी वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला होता. शहरात तेव्हा बोलणं चाललं होतं ते पक्षकाराच्या वाचलेल्या खर्चाचं, लॉज-हॉटेलांच्या वाढणाऱ्या धंद्याचं आणि पार्किंगच्या अडचणीचं. माझ्या मनात मात्र वेगळंच माणूस होतं : घरात दोन-तीन वर्षांचं मूल असलेली वकील बाई.

हायकोर्टात वकिली करायची म्हणजे तोवर कोल्हापूरकराला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडावी लागे. सकाळी मुंबईत उतरायचं, ओळखीच्या लॉजवर अंघोळ उरकायची, कोट चढवायचा आणि साडेदहाला कोर्टात हजर व्हायचं. मॅटर बोर्डावर आहे म्हणून पुकारलं जाईलच असं नाही. बोर्ड तिथवर पोचला नाही, तर पुढची तारीख आणि पुन्हा तीच गाडी. पुरुष वकिलाला ही दगदग होती. अंगावर पिणारं मूल घरी ठेवून निघणाऱ्या बाईच्या आवाक्यातच ती नव्हती.

मग व्हायचं काय, तर खालच्या कोर्टात दावा तिने उभा केलेला, साक्षीदार तिने तपासलेले, उलटतपास तिने घेतलेला, आणि अपिलाची वेळ आली की फाइल मुंबईच्या वकिलाकडे. पक्षकार जड मनाने सांगायचा, 'मॅडम, तुमचं काम चांगलं, पण तुम्ही काय मुंबईला येणार नाही.' ते खरंच असायचं. तिचं ज्ञान कमी नव्हतं, मेहनत कमी नव्हती. तिला अडवत होतं ते अंतर, आणि घरातलं लहान मूल त्या अंतरात भर घालत होतं. सर्किट बेंच आली तेव्हा त्या बाईत काहीच बदललं नाही. कोर्ट तिच्या जवळ आलं, एवढंच झालं.

मला या लेखात सांगायचं आहे ते हेच. मूल लहान असताना थोडे तास का होईना, पण आपला व्यवसाय करत राहणं कसं जमवायचं, हा प्रश्न आपण नेहमी आईला विचारतो. तिने लवकर उठावं, वेळेचं नियोजन करावं, सासूशी गोडीत राहावं, जमत नसेल तर काही वर्षं थांबावं. प्रश्न विचारायला हवा तो कोर्टाला, कॉलेजला, रुग्णालयाला, सरकारला आणि त्या मुलाच्या बापाला.

*

एक दिवस डोळ्यांसमोर आणा. ती फुलेवाडीत राहते असं धरू. मूल साडेतीन वर्षांचं. बालवाडी साडेनऊ ते साडेबारा. नवरा शिरोली एमआयडीसीत, पहिली पाळी, पहाटेच घराबाहेर. सकाळी डबा, मुलाची अंघोळ, दप्तर, रिक्षावाले काका. त्यानंतर बँडची पांढरी टोकं नीट करत ती दुचाकीवरून निघते. जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात, सर्किट बेंच सीपीआरसमोर. एकाच दिवशी दोन्हीकडे मॅटर असलं, तर मधला रस्ता आणि मधली वाहतूक तिचीच. हायकोर्टाचं कामकाज साडेदहाला बसतं, दुपारी दीडला उठतं, अडीचला पुन्हा बसतं. बालवाडी मात्र साडेबाराला सुटते. न्यायमूर्तींसमोर बाराव्या क्रमांकाचं मॅटर चाललेलं, तिचं अठराव्या क्रमांकावर आणि घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं. ही वेळ कोल्हापुरातल्या कितीतरी जणींच्या ओळखीची आहे. कुणी मैत्रिणीला फोन लावते, कुणी सहकाऱ्याला 'पासओव्हर मागा' म्हणून विनवते, कुणी शेजारणीच्या घरी मूल उतरवायला रिक्षावाल्या काकांना सांगते.

संध्याकाळची गोष्ट त्याहून अवघड आहे. वकिली शिकली जाते ती कोर्टापेक्षा सीनियरच्या ऑफिसात, संध्याकाळी सहा ते नऊ. पक्षकार तेव्हाच येतात, दुसऱ्या दिवशीच्या फायली तेव्हाच निघतात. सीनियर तेव्हाच सहज बोलता बोलता सांगतो, की या साक्षीदाराला कुठला प्रश्न विचारायचा नाही. नेमक्या त्याच वेळी मूल भुकेलेलं असतं, कंटाळलेलं असतं, त्याला आईच हवी असते. ज्युनिअर मुलगा त्या तीन तासांत वकील घडतो. आई झालेली ज्युनिअर त्या तीन तासांना मुकते. मग रात्री मूल झोपल्यावर ती दहा ते बारा ड्राफ्टिंग करते. तिचे कामाचे तास मोजले तर कमी नसतात, पण ते कुणी पाहत नाही. 'मॅडम काय, दुपारीच घरी जातात' एवढंच बाररूममध्ये म्हटलं जातं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. वकिली हा मुलांच्या शाळेशी जेवढा जुळणारा व्यवसाय आहे, तेवढा दुसरा क्वचितच असेल. कोर्टाला दिवाळीची सुट्टी असते, मे महिन्याची सुट्टी असते, अगदी शाळेसारखी. बँकेतल्या आईला, आयटीतल्या आईला मे महिना हे संकट वाटतं. वकील आईला तो मुलाबरोबर मिळतो. वर्षाचं वेळापत्रक असं आधीच अनुकूल आहे. बिघडतं ते दिवसाचं वेळापत्रक, आणि ते दुरुस्त करणं वर्षाचं बदलण्याइतकं कठीण नाही. कामकाजाचे गट पाडून वेळ देता येते, पुकाऱ्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी कळवता येतो, साध्या तारखांसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सवर हजेरी मान्य करता येते. कोरोनाच्या काळात हे सगळं शक्य असल्याचं न्यायव्यवस्थेनेच दाखवून दिलं आहे.

थोडे तास काम करत राहण्याला या व्यवसायात इतकं महत्त्व का, तर इथली शिडी वर्षांनी मोजली जाते. थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर राज्यघटनेने किमान ७ वर्षांची वकिली मागितली आहे, उच्च न्यायालयाचं न्यायाधीशपद हवं तर उच्च न्यायालयात किमान १० वर्षं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीलाही ३ वर्षं वकिलीची अट पुन्हा लावली. कायद्याची पदवी घेऊन मुलगी बाहेर पडते ती तेवीस-चोविसाव्या वर्षी. पुढची तीन वर्षं तिच्या घरात स्थळं बघायची असतात आणि त्यापुढची पहिल्या बाळाची. या अटीमागचा हेतू मला पटतो. कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसाने निकाल देऊ नये, हे बरोबरच आहे. पण ही ३, ७, १० वर्षं नेमकी बाळंतपणाच्या वयात पडतात, हे लक्षात घेऊन सोबत काही आधार द्यायला हवा होता. काम पूर्ण सोडलेल्या बाईची वर्षं थांबतात. रोज दोन तास कोर्टात येणाऱ्या बाईची वर्षं चालू राहतात. म्हणून तिचे ते दोन तास वाचवणं हे उद्याच्या न्यायाधीशाला वाचवणं आहे.

वकिली कायद्याखाली १९७९ पासून एक नियम आहे. वकिलाने लॉ कॉलेजात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवलं, तर ती पूर्णवेळ नोकरी धरली जात नाही, सनद तशीच राहते. सर्किट बेंचपासून शहाजी लॉ कॉलेज फार लांब नाही. सकाळी दोन तासिका, मग एखादं मॅटर, साडेबाराला बालवाडीच्या दारात. एका शहरात ही तिन्ही ठिकाणं इतक्या जवळ असणं हे कोल्हापूरचं भाग्य आहे. मुंबईत हेच करायला लोकलचे तीन तास जातील.

आता यातला सगळ्यात दुखरा भाग. बाळंतपणाच्या रजेसाठी कामगार बाईच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला स्वतःला बाळंतपणाची रजा नसते. ती कुणाची कर्मचारी नाही. मातृत्व लाभाचा मूळ कायदा १९६१ चा, त्यात २०१७ मध्ये सुधारणा होऊन पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. तिला त्यातला एकही आठवडा लागू नाही. बाळंत होऊन चार आठवड्यांत कोर्टात उभ्या राहणाऱ्या बायका या व्यवसायात असतात. त्यांचं कौतुक होतं, सत्कारही होतात. मला त्या कौतुकाचा राग येतो. ओल्या बाळंतिणीने उन्हात कोट घालून उभं राहावं लागणं, यात मिरवण्यासारखं काही नाही.

*

सर्किट बेंचच्या समोरचं सीपीआर म्हणजे पूर्वीचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून एम. डी. होऊन परत निघालेल्या आनंदीबाई जोशी यांची कोल्हापूर संस्थानाने याच रुग्णालयाच्या स्त्रीविभागासाठी नेमणूक केली होती. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ अवघ्या दहा दिवसांत गेलं, आणि वैद्यकीय मदतीअभावी बायकांवर काय वेळ येते हे कळून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. कोल्हापूरला रुजू होणं राहूनच गेलं. पण १८८६ साली एका संस्थानाला आपल्या रुग्णालयात बाई डॉक्टर हवी वाटली, ही गोष्ट या शहराने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकर यांच्याकडे संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी सोपवली. (मुंबईच्या गाजलेल्या खटल्यातल्या डॉ. रखमाबाई वेगळ्या.) केळवकरांची रखमाबाई ही मुलंबाळं असलेली, संसारात असलेली बाई होती, आणि सनातनी मंडळींच्या कुजबुजीला न जुमानता महाराजांनी तिला अधिकारपद दिलं. रखमाबाईंची मुलगी डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्येच डॉक्टर झाली, तिला पुढच्या शिक्षणासाठी महाराजांनी परदेशी पाठवलं. आई घराबाहेर अधिकाराने वावरते हे पाहत मुलगी वाढली आणि डॉक्टर झाली. आईच्या कामाने मुलांचं नुकसान होतं, असं जे आजही सहज म्हणतात, त्यांच्यासाठी कोल्हापुरातलं हे घर पुरेसं उत्तर आहे.

डॉक्टर बायकांनी या शहरात एक जुनी वाट जपली आहे : खाली दवाखाना, वर घर. राजारामपुरीत, शाहूपुरीत, मंगळवार पेठेत अशी घरं दिसतात. दोन पेशंटच्या मध्ये जिना चढून बाळाला पाजून यायचं, मुलाने गृहपाठ कंपाउंडरकाकांच्या टेबलावर करायचा. सीएच्या घरात पुढची खोली ऑफिस असते, आर्किटेक्टच्या घरात माळ्यावर ड्रॉइंगचं टेबल. या व्यवस्थेत मूल आणि काम एकमेकांना परके राहत नाहीत. पण ती ज्यांच्याकडे मोक्याच्या जागी दुमजली घर आहे त्यांनाच परवडते. शिवाय संध्याकाळची ओपीडी साडेपाच ते साडेआठ असते, म्हणजे तीच वकिलीतली कोंडी. किती तरी स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ बायका मूल लहान असताना रात्रीच्या डिलिव्हऱ्या सोडून देतात आणि सोनोग्राफी, तपासणी, शाळांची आरोग्य शिबिरं एवढ्यावर थांबतात. त्यातल्या काही पुन्हा पूर्ण कामाकडे वळतात, काही वळतच नाहीत.

*

आता शिक्षणाकडे, कारण अर्धवेळ या नावाखाली सगळ्यात जास्त पिळवणूक तिथे आहे.

शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडलेली. त्यांतल्या कितीतरी वर्गांवर शिकवतात ते तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले सीएचबी. नेट-सेट झालेले, अनेकजण पीएच.डी. झालेले. त्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. वरून पाहिलं तर लहान मूल असलेल्या बाईला हे काम सोन्यासारखं वाटावं : सकाळच्या दोन तासिका घ्यायच्या, दुपारी घरी. प्रत्यक्षात मोबदला मिळतो तो फक्त वर्गात उभं राहिलेल्या तासाचा. तयारीचा तास, पेपर तपासणं, प्रात्यक्षिकं, नॅकच्या फायली, प्रवेशाच्या हंगामात करवीर तालुक्यातल्या गावोगाव फिरणं, यातलं बहुतेक काम हिशेबाबाहेर राहतं. सुट्टीत तासिका नाहीत म्हणून पैसे नाहीत. मानधन महिनोन्महिने अडकतं, ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. बाळंतपण आलं, की नेमणूकच पुढच्या वर्षी नव्याने मागायची. मूल मोठं होईपर्यंत बाई चाळिशीला येते, हातात दहा-बारा वर्षांचा अनुभव असतो आणि कायम नेमणुकीच्या जाहिरातीची वाट बघणं उरतं.

मला हे अन्यायाचं वाटतं, आणि कायद्याच्या दिशेशीही विसंगत वाटतं. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बायकांनाही मातृत्व लाभ द्यायला लावला. २०२३ मध्ये कंत्राटी डॉक्टरच्या बाबतीत न्यायालय म्हणालं, की कंत्राटाची मुदत संपली तरी हा लाभ संपत नाही. रोजाने राबणारी बाई आई म्हणून मोजली जाते, तर तासाने शिकवणारी का नाही? १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडलेली भूमिका आजही पुढची वाटते : बाईला बाळंतपणात विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. १९२९ मध्ये तो कायदा झाला, पण गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांपुरता. त्याची हद्द वाढवत नेणं हे आपलं काम होतं आणि ते अर्धवट राहिलं आहे.

सरकारी नोकरीतल्या आईला निदान बालसंगोपन रजा आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये ती १८० दिवसांची दिली. केंद्राच्या कर्मचारी बाईला ७३० दिवस मिळतात. राज्याच्या आदेशात पुरुषाला ही रजा मिळते ती बायको हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर. म्हणजे बायको धडधाकट असेल, तर मूल सांभाळायला बापाची गरज नाही, असं शासनच कागदावर सांगतं. हा नियम बदलल्याशिवाय बाकीचं फार पुढे जाणार नाही.

बापाबद्दल स्पष्टच बोलायला हवं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं विनामोबदला काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. मुलं-वृद्धांची देखभाल करणाऱ्यांमध्ये बायका १३७ मिनिटं देतात, पुरुष ७५. या आकड्यांत कोल्हापूरही आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींत पाळ्या चालतात. पहिल्या पाळीचा बाप दुपारी चारच्या सुमारास घरी असतो. बायकोच्या ऑफिसची, ओपीडीची, क्लासची वेळ सुरू होते ती संध्याकाळीच. म्हणजे घड्याळ जुळतं आहे. मूल घेऊन रंकाळ्यावर फिरायला जाणारे, संध्याकाळची खिचडी टाकणारे बाप मी पाहतो आणि मला त्यांचा फार आदर वाटतो. पण बहुतेक घरांत अजूनही बाप 'मदत' करतो आणि जबाबदारी आईवर राहते. बालवाडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप बघा, त्यात बाप किती आहेत ते मोजा.

मग हा उरलेला वेळ येतो कुठून? आजीकडून. कोल्हापुरात शिकलेल्या बाईचं अर्धवेळ काम चालतं ते साठी ओलांडलेल्या एका बाईच्या गुडघ्यांवर. तिने तिच्या काळात सहा माणसांच्या पंक्ती उठवल्या, दीर-नणंदांची लग्नं केली, आता कुठे मंडळाचं भजन, भिशीच्या मैत्रिणी, चैत्रात जोतिबा असं काही आपलं करायची वेळ आली. आणि मांडीवर नातू आला. तिला तो जीव की प्राण असतो, त्यात शंका नाही. पण तिला दुपारी डोळा लावायचा असतो, तिचं बीपी असतं, तिलाही कधी तरी नको वाटतं. हे ती बोलत नाही, कारण बोललं तर सुनेची नोकरी जाईल. सून बोलत नाही, कारण दुसरा पर्याय नाही. दोन बायकांच्या अशा न बोलण्यावर आपण त्या घराला 'छान सांभाळून घेणारं घर' म्हणतो. ज्या घरी आजी नाही, किंवा आजी स्वतःच अजून नोकरीत आहे, तिथे मूल सांभाळायला मावशी येतात. त्यांचंही मूल लहान असतं. ते कुणाकडे असतं, हे विचारून बघा. मोठ्या बहिणीकडे, आणि मग त्या बहिणीची शाळा बुडते.

*

लहान मुलांबाबत महाराष्ट्राने देशाला एक फार मोठी गोष्ट दिली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवताना पाहिलं, की मुलं शाळेपर्यंत येत नाहीत. मग त्यांनी शाळाच उचलून मुलांच्या पाड्यावर, अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मूल येत नसेल तर संस्थेने जावं, हा विचार या दोघींचा. ताराबाई स्वतः एकट्याने मुलगी वाढवत काम करत होत्या, हेही विसरू नये. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मूल कसं शिकतं याचा विचार इथल्या पालकांना शिकवला.

पण अंगणवाडी काही तासच चालते, बालवाडी त्याहून कमी. आईचं काम मात्र दोन वर्षांच्या मुलाला पाळणाघर मागतं, तेही कामाच्या जागेजवळ. आणि ज्या अंगणवाडी सेविकेच्या खांद्यावर ही सारी योजना उभी आहे, ती स्वतः आजही मानसेवी, पगार नसलेली, मानधनावरची. देशातली सगळ्यात मोठी बालसंगोपन व्यवस्था अर्ध्या दर्जाच्या नोकरीतल्या बायका चालवतात. केंद्राच्या २०२२ पासूनच्या मिशन शक्तीत 'पालना' योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. कोल्हापूरसारख्या शहरात तिची सर्वाधिक गरज आहे ती बाजारपेठेत, औद्योगिक वसाहतींत आणि सरकारी कार्यालयांच्या आवारात.

परदेशात सगळं आलबेल आहे असं नाही. नेदरलँड्समध्ये अर्धवेळ कामगाराला पूर्णवेळाइतकेच हक्क देणारा कायदा १९९६ मध्ये झाला, आणि २००० पासून कामाचे तास कमी करून मागण्याचा हक्कही मिळाला. तिथे डॉक्टर, वकील, प्राध्यापक अर्धवेळ काम करतात, आणि त्यांना कुणी कमी लेखत नाही. तरीही अर्धवेळ काम करणाऱ्यांत बायकाच फार आहेत आणि त्यांचं निवृत्तिवेतन कमी पडतं. २०२३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल विजेत्या क्लॉडिया गोल्डिन यांनी हेच दाखवलं आहे : जे व्यवसाय जास्त तास आणि अवेळी हजेरीला जादा बक्षीस देतात, तिथे आया मागे पडतात. संध्याकाळी सहा ते नऊच्या ऑफिसात वकील घडवणारं कोल्हापूर आणि मध्यरात्रीच्या ईमेलला उत्तर मागणारं न्यूयॉर्क यांत त्या दृष्टीने फार फरक नाही. अर्धवेळ कामाचा हक्क हवा, आणि तो बापानेही वापरायला हवा. दोन्ही एकत्र झाले तरच फायदा आहे.

*

शेवटी सर्किट बेंचकडे येतो, कारण तिथे आत्ता काही करता येण्यासारखं आहे.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या सुधारणेने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायची तरतूद केली. वकील कर्मचारी नसल्याने त्या कायद्याची सावली तिच्यावर पडत नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी स्तनपान कक्ष आणि पाळणाघरं व्हावीत म्हणून राज्यांना पावलं उचलायला सांगितलं आहे. न्यायालयाच्या आवाराइतकी सार्वजनिक जागा दुसरी कुठली? तिथे केवळ वकीलच येत नाहीत. पोटगीच्या तारखेला लेकरू कडेवर घेऊन आलेली बाई येते, साक्षीला आलेली आई येते, महिला पोलीस येते, लिपिक येते, न्यायाधीश येते.

रस्त्याच्या एका बाजूला सीपीआर, जिथे परिचारिका तीन पाळ्यांत काम करतात. दुसऱ्या बाजूला उच्च न्यायालय. दोन्हींना मिळून एक पाळणाघर करा, प्रशिक्षित बायका नेमा, त्यांना मानधन नव्हे, पगार द्या, आणि वकील, पक्षकार, परिचारिका, सफाई कामगार सगळ्यांच्या मुलांना तिथे जागा ठेवा. सर्किट बेंचच्या कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कमध्ये जागा दिली गेली आहे. मोठी इमारत उभी राहिल्यावर पाळणाघराला जिन्याखालची खोली मिळते, हा आपला नेहमीचा अनुभव. त्यामुळे नकाशा पक्का होण्याआधीच तळमजल्यावर, उजेडाची, अंगण असलेली जागा त्यात दाखवायला हवी.

हा लेख वाचणाऱ्यांत वकील असतील, त्यांनी बार असोसिएशनच्या पुढच्या सभेत हा ठराव मांडावा, आणि तो मांडणारा पुरुष असावा. प्राध्यापक असतील, त्यांनी आपल्या कॉलेजातल्या सीएचबी सहकाऱ्यांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी संस्थेला लेखी विचारावं. जिल्ह्याचे लोकप्रतिनिधी वाचत असतील, तर खंडपीठासाठी ज्या चिकाटीने तुम्ही सगळे एका व्यासपीठावर आलात, तशीच चिकाटी एका पाळणाघरासाठी दाखवा. आणि पहिल्या पाळीच्या बापांनो, उद्यापासून बालवाडीच्या ग्रुपवर तुमचा नंबर द्या.